एक माणूस, एक क्लिक

आमच्या कॉलनीत कोणी वारलं, कोणाचं लग्न ठरलं किंवा कोणी रिटायर झालं की मजकूर लिहून घ्यायला लोक माझ्याकडे येतात. अंबरनाथ पूर्वेच्या आमच्या भागात गेल्या कित्येक वर्षांत एकही माणूस माझ्या दोन परिच्छेदांशिवाय कालकथित झालेला नाही. विमा कंपनीत मी सिनियर असिस्टंट आहे, पण ती झाली पोटापाण्याची गोष्ट. माझी खरी ओळख मजकुराची. म्हणून किशनचंदभाई जेव्हा म्हणाले, "साईं, जाहिरातीचं हेडिंग पंचवीस अक्षरांत पाहिजे," तेव्हा मला वाटलं ते पंचवीस ओळी म्हणतायत.

"अक्षरं," ते म्हणाले. "बीच की खाली जगह पकडके."

मी तिथून उठूनच जाणार होतो. पण शेजारी माझी बायको यशोधरा बसली होती आणि पैसे तिचे होते.

यशोधरा ब्लाउज शिवते. पण सगळ्यांसारखे नाही. माझ्या आईची उजवी बाजू लकव्यानं गेली, तेव्हापासून आई गाऊनवर आली. चौदा एप्रिलला सगळी कॉलनी पांढऱ्या साड्या नेसून खाली उतरायची आणि आई वर खिडकीत. "गाऊन घालून मी माणसांत बसायची नाही," हा तिचा निकाल, आणि तिच्या निकालावर अपील नसतं. यशोधरानं मग डोकं लावलं. न हलणाऱ्या हाताच्या बाजूला खांद्यापासून कमरेपर्यंत पूर्ण उघडणारं आणि चिकटपट्टीनं बंद होणारं ब्लाउज तिनं बेतलं. पहिली दोन बिघडली, तिसरं बसलं. त्या वर्षी आई जयंतीला पहिल्या रांगेत बसली आणि कार्यक्रम संपला तरी उठेना. बायका भाषणं सोडून आईची शिवण बघत होत्या.

त्यानंतर ऑर्डरी आल्या. अंबरनाथच्या आल्या, कुळगावच्या आल्या, उल्हासनगरच्या आल्या आणि मग थांबल्या. एका गावात लकवा झालेल्या बायका असून असून किती असणार, आणि त्या वाढाव्यात अशी इच्छा धरणंही काही बरं नाही. तेवढ्यात उल्हासनगरच्या कॅम्प एकमधल्या एका कारखान्यातून तिला बोलावणं आलं. पँटींना खिसे जोडायचं काम, पगार बांधलेला. एक तारखेला हो की नाही ते सांगायचं होतं.

"बाहेरगावच्या ऑर्डरी यायला लागल्या तर हे चालू ठेवीन," यशोधरा म्हणाली. "नाही तर खिसे जोडीन. घरात बसून गिऱ्हाइकाची वाट बघायला मला जमणार नाही." हे ती भाजी निवडता निवडता अगदी सहज म्हणाली. पण त्या दिवशी भाजीत मीठ नव्हतं, आणि आमच्या घरात हे सहसा होत नाही.

किशनचंदभाईंचं कॅम्प एकमध्ये बटणं, चेन आणि चिकटपट्टीचं दुकान. यशोधरा त्यांची जुनी गिऱ्हाईक. दोन हजार सालानंतर सगळं जग कॉम्प्युटरकडे चाललंय असं कळल्यावर त्यांनीही दुकानाच्या मागच्या भागात दोन कॉम्प्युटर मांडले आणि पुढे बटणं विकणं चालू ठेवलं. नफ्याची बाजू कुठली निघेल याची खात्री होईपर्यंत सिंधी माणूस एक दार बंद करत नाही, हे त्यांनीच मला सांगितलं.

"कोणी इंटरनेटवर काही शोधलं की बाजूला आपल्या दोन ओळी दिसणार," त्यांनी समजावलं. "दिसायचे पैसे नाहीत. त्याच्यावर कोणी क्लिक केलं की मी बनवलेलं आपलं पान उघडणार, त्यात ब्लाउजचा फोटो आणि तुमचा फोन नंबर. और पैसे कटले."

"आणि क्लिक करून काही घेतलंच नाही तर?"

"तो भी कटे."

म्हणजे दुकानात कोणी नुसतं डोकावलं तरी दंड मालकाला. हे मला फार अन्यायाचं वाटलं. पण विमा कंपनीत नोकरी करणाऱ्यानं असल्या विषयावर फार बोलू नये म्हणून मी गप्प बसलो.

"म्हणून दोन जाहिराती लावायच्या," किशनचंदभाई म्हणाले. "मशीन एकदा ही दाखवतं, एकदा ती. जिच्यावर लोक जास्त येतील ती ठेवायची, दुसरी काढायची. फिर नई लगाओ, फिर देखो. मी दुकानाबाहेरचे बोर्ड असेच बदलतो."

पैसे भरायला क्रेडिट कार्ड लागत होतं. ते काढायला मी बँकेत गेलो. खिडकीतल्या साहेबांनी विचारलं, "आधीचं एखादं कार्ड आहे का?" आधीचं असतं तर मी का आलो असतो, हा प्रश्न मी मनात ठेवला. पत्त्याचा पुरावा म्हणून विजेचं बिल दिलं. ते आमच्या वडिलांच्या नावावर. "मग त्यांची सही आणा," साहेब म्हणाले. वडील कालकथित होऊन नऊ वर्षं झालीत, असं सांगितल्यावर त्यांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, "मग जरा अवघड आहे." शेवटी किशनचंदभाईंनी स्वतःचं कार्ड वापरलं आणि यशोधरानं त्यांच्या हातावर रोख ठेवली.

आता पंचवीस अक्षरं. जाहिरात इंग्रजीत हवी होती, मराठी त्या इंटरनेटवाल्या कंपनीला चालत नव्हती. मी एक पूर्ण रविवार दिला. आईचं ते पहिल्या रांगेत बसणं माझ्या डोळ्यांपुढे होतं, आणि त्या सगळ्याचं सार एका शब्दात होतं: सन्मान. 'डिग्निफाइड लेडीज गारमेंट्स.' इंग्रजीत मोजून पाहिलं, रिकाम्या जागा धरून बरोब्बर पंचवीस. एकही अक्षर जास्त नाही, एकही कमी नाही. मी तीनदा मोजलं आणि तिन्ही वेळा मला भरून आलं.

यशोधरानं मशीनच्या बॉबिनला दोरा भरता भरता तिचं हेडिंग सांगितलं. 'मदर कॅनॉट लिफ्ट आर्म?'

"हे काय हेडिंग झालं?" मी म्हणालो. "घरातलं दुखणं असं चव्हाट्यावर मांडतात का कोणी?"

"दुखणं आहे म्हणून तर ब्लाउज आहे."

"अगं, पण वाचणाऱ्याला वाईट वाटेल."

"वाटू दे ना. ज्याला वाटेल तोच घेईल."

मी आईकडे पाहिलं. मला वाटलं, निदान ती तरी माझ्या बाजूनं बोलेल. कारण शेवटी हात तिचा होता. आई खाटेवरून म्हणाली, "माझा हात वर जात नाही हे कॉलनीला माहीत आहे. जगाला कळलं म्हणून काय तो आणखी खाली जाणारे?"

मला ते पटलं नाही. पण दोन जाहिराती लावायच्याच होत्या, तेव्हा एक तिची आणि एक माझी, असं ठरलं.

इथपर्यंत सगळं घरातल्या घरात होतं. पुढे जे झालं त्याला सोसायटीची मासिक सभा कारणीभूत आहे. टाकी धुण्याचा विषय संपला, 'ऐनवेळचे विषय' आले आणि माझ्या तोंडून निघून गेलं. इंटरनेटवर आमच्या दोन जाहिराती लागल्यात, एक माझी, एक यशोधराची, काय शब्द टाकले की दिसतात, हे सगळं मी तपशिलात सांगितलं. पैसे कसे कापले जातात ते मात्र सांगितलं नाही. चारचौघांत पैशाची गोष्ट काढायची नसते, असे आमच्यावर संस्कार आहेत.

सेक्रेटरी बबनकाका पुढे सरसावून बसले. कारखान्यातून फिटर म्हणून रिटायर झालेला हा माणूस कुठलंही काम अर्धवट सोडत नाही. "म्हणजे स्पर्धा आहे म्हणता?" त्यांनी विचारलं.

"तसंच समजा. जिच्यावर लोक जास्त क्लिक करतील ती राहणार. लोकच ठरवणार."

ते शेवटचं वाक्य मी बोलायला नको होतं. तो काळ टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धांचा होता. आवडत्या पोरासाठी सगळी कॉलनी मोबाईलवरून एसेमेस करून मतं द्यायची, आणि तो हरला की दोन दिवस सुतक पाळल्यासारखी गप्प असायची. लोक ठरवणार म्हटल्यावर त्यांना जे समजायचं ते त्यांनी समजून घेतलं.

दुसऱ्या दिवसापासून जिन्यात लोक माझ्याकडे बघून सूचक हसायला लागले. "भाऊ, जय भीम! काळजी करू नका," असं तीन मजल्यांवर तीन जण म्हणाले. खालच्या कौसामावशी मात्र अस्वस्थ होत्या. त्यांनी मला दारात गाठलं.

"नरेंद्रा, मोठ्या पेचात टाकलंस रे. यशोधरा माझ्या माहेरकडची. पण माझे मालक गेले तेव्हा तो मजकूर तू लिहिलास. पेपरात वाचून माझा भाऊ नाशिकहून रडत आला होता. आता मी काय करू सांग?"

"तुमच्या मनाला येईल ते करा," मी मोठेपणानं म्हणालो. त्या कशाबद्दल बोलतायत याची मला कल्पना नव्हती. बबनकाका आईलाही भेटून गेले आणि आईनं त्यांना बजावलं म्हणे, "माझं मत गुप्त आहे."

मग किशनचंदभाईंचा फोन आला. "साईं, क्लिकच क्लिक! आणि तुमची जाहिरात पुढे आहे. बहुत आगे."

मी पेढे आणले. खरं सांगतो, त्या संध्याकाळी मी जाताना आणि येताना असा दोनदा आरशासमोर थांबलो. सन्मान या शब्दाची ताकद मी यशोधराला थोडक्यात समजावून सांगितली. थोडक्यात म्हणजे जेवण होईपर्यंत. पेढे सगळ्या कॉलनीत वाटले, आणि लोकांनी ते हक्कानं घेतले, याचं मला तेव्हा नवल वाटलं नाही.

फोन मात्र वाजेना. यशोधरा शिवण घेऊन फोनच्या शेजारी बसायची. मधूनच रिसीव्हर उचलून लाइन चालू आहे का बघायची आणि मी बघतोय असं दिसलं की त्याच्यावरची धूळ पुसायची. तिसऱ्या दिवशी किशनचंदभाईंनी सांगितलं की भरलेले सगळे पैसे संपले. इतके लोक आले आणि एकानंही काही विचारलं नाही, असं त्यांनी बटणांच्या धंद्यातही पाहिलं नव्हतं.

त्याच संध्याकाळी बबनकाका निकाल घेऊन आले. इस्त्रीचा शर्ट घालून, दोन माणसं बरोबर घेऊन.

"भाऊ, अभिनंदन! तुम्ही निवडून आलात," ते म्हणाले. मग यशोधराकडे वळून, "वहिनी, वाईट वाटून घेऊ नका. तुम्हीपण चांगली लढत दिलीत."

"कसली लढत?" तिनं विचारलं.

मग त्यांनी सगळं सांगितलं. मतदान शिस्तीत व्हावं म्हणून त्यांनी स्वतः लक्ष घातलं होतं. एकाच कॉम्प्युटरवरून सारखं क्लिक केलं तर मशीन ते धरत नाही, असं कळल्यावर त्यांनी माणसं विभागली. ऑफिसात कॉम्प्युटर असणाऱ्यांनी ऑफिसातून, बाकीच्यांनी वेगवेगळ्या कॅफेत. कुळगावच्या पाहुण्यांना फोन गेले. कौसामावशींचे गुडघे धरलेत, त्यांना रिक्षानं नेलं. "आणि एक माणूस, एक मत," बबनकाका छाती पुढे काढून म्हणाले. "दुसऱ्यांदा कोणाला दाबू दिलं नाही. या गोष्टीची आपल्यात चेष्टा होत नाही."

ते खरंच होतं. सगळ्या जगात खोटे क्लिक पकडायला मोठमोठे इंजिनियर बसलेत म्हणतात. पण ज्यांना आयुष्यभर एका मताची किंमत शिकवली गेली, त्या प्रामाणिक माणसांपुढे त्यांचं काही चाललं नाही.

यशोधरा अगदी हळू म्हणाली, "बबनकाका, प्रत्येक क्लिकला आमचे पैसे जात होते."

 बबनकाकांच्या बरोबरच्या दोघांपैकी एकानं हातातला पेढा परत ताटलीत ठेवला.

"सगळे गेले?" बबनकाकांनी विचारलं.

"सगळे."

"आपण वर्गणी काढू," ते उठत म्हणाले. "आत्ता काढू. हे माझ्यामुळे झालं."  यशोधरानं त्यांना खाली बसवलं, चहा टाकला, आणि वर्गणीचं नाव परत काढलंत तर बोलणार नाही असा दम दिला.

ते गेल्यावर मी बराच वेळ बाल्कनीत उभा राहिलो. पैशाचं दुःख होतंच. पण मला जास्त लागलं ते दुसरंच. मला वाटलं होतं माझे शब्द जिंकले. प्रत्यक्षात माझी जाहिरात कोणी धड वाचलीही नव्हती. कोणाच्या नवऱ्याचा मजकूर, कोणाच्या पोरीची पत्रिका, कोणाच्या पेन्शनचा अर्ज, त्याची परतफेड लोकांनी केली होती. माझ्यावर एवढा जीव टाकणारी माणसं आहेत म्हणून डोळे भरून येत होते, आणि त्याच माणसांनी माझ्या बायकोचा धंदा प्रेमानं बुडवला होता. अशा वेळी माणसानं नेमकं काय वाटून घ्यावं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी खास सभा बोलावली. आयुष्यात प्रथमच मी एका ओळीत भाषण केलं. "कृपया माझी जाहिरात पाहू नका."

मागून कोणीतरी विचारलं, "आणि वहिनींची?"

"तीही."

यशोधरानं डब्यातले उरलेसुरले पैसे किशनचंदभाईंना दिले आणि दोन्ही जाहिराती परत चालू झाल्या. आता कॉलनी शांत होती. निकालही शांत होता. तिच्या जाहिरातीवर अधूनमधून कोणीतरी येत होतं. माझ्यावर कोणीच येत नव्हतं. किशनचंदभाई सभ्य माणूस, ते फोनवर फक्त तिचा आकडा सांगायचे आणि माझ्यावर आले की हवापाण्याचं विचारायचे. मी एकदा म्हटलं, "माझी दिसते तरी का?" ते म्हणाले, "दिखती है, साईं. बराबर दिखती है." म्हणजे लोक बघत होते आणि पुढे जात होते.

पण तिलाही फोन आला नाही. आणि एक तारीख उजाडली.

यशोधरा मोतिया रंगाची साडी नेसली, आईला जेवायला वाढलं आणि कॅम्प एकला निघाली. मी रजा टाकली होती. कशासाठी, ते मी कोणाला सांगू शकलो नसतो. सकाळचं लोडशेडिंग चालू होतं. बंद पंख्याखाली आई आणि मी एकमेकांकडे न बघता बसलो होतो, आणि फोन वाजला.

"नमस्कार," पलीकडे एका वयस्कर माणसाचा आवाज. "हात वर न जाणाऱ्यांचं दुकान का?"

माझा मजकूर तयार होता. "नमस्कार, महोदय! आम्ही गेल्या काही वर्षांपासून सन्मानपूर्वक..."

"अरे, त्याला बोलू दे," आई खाटेवरून ओरडली.

मी थांबलो. ते गृहस्थ संगमनेरहून बोलत होते. रिटायर पोस्टमास्तर. "तुमच्या जाहिरातीत आई लिहिलंय," ते म्हणाले. "माझी बायको आहे. चालेल का?"

"चालेल," मी म्हणालो.

"तसं मी कपडे शोधत नव्हतो हो. सकाळी मी तिला ब्लाउज घालतो तेव्हा ती कळवळते. आणि लगेच मला म्हणते, लागलं नाही. हे मी कोणाला सांगू? मुलगा लांब. जाताना त्याचा कॉम्प्युटर ठेवून गेला. काल दुपारी ती झोपली तेव्हा मी त्याच्यावर इंग्रजीत लिहिलं, बायकोचा हात वर जात नाही. नुसतं लिहिलं. तर बाजूला तुमची ओळ आली. मला वाटलं, कोणीतरी विचारतंय."

मी कागद पुढे ओढला. आई माझ्याकडे बघत होती.

"दोन शिवा," ते म्हणाले. "एक घरात घालायचं, एक बाहेर जायचं. बाहेर ती जात नाही. पण असू दे."

मी त्यांचा नंबर घेतला, आईच्या शेजारी पाण्याचा तांब्या ठेवला, कौसामावशींना हाक मारून वर बसवलं आणि रिक्षा पकडली. घरातला एकुलता एक मोबाईल माझ्याच खिशात, त्यामुळे यशोधराला फोन करायची सोय नव्हती. वाटेत आधी किशनचंदभाईंच्या दुकानापाशी उतरून "माझी जाहिरात काढा" एवढं सांगितलं. ते बटणं मोजत होते. त्यांनी मान वर केली, कारण विचारलं नाही आणि आत कॉम्प्युटरकडे गेले.

कारखाना पुढच्याच गल्लीत होता. आत मशीनांचा एवढा आवाज की स्वतःचं बोलणं ऐकू येईना. यशोधरा एका मशीनवर बसून नमुन्याचा खिसा जोडत होती आणि सुपरवायझर तिच्या मागे उभा राहून बघत होता. तिनं होकार दिला होता की नाही, ते मला कळायला मार्ग नव्हता. मी सगळ्या बायकांच्या देखत, ओरडून, एका दमात सांगून टाकलं. संगमनेर, पोस्टमास्तर, ते कळवळणं, ते "लागलं नाही," आणि ते कोणीतरी विचारतंय. आजूबाजूच्या दोन मशीनी थांबल्या. "तुझीच जाहिरात," मी म्हणालो. "माझी काढून आलो. पण खोटं सांगत नाही, ऑर्डर एकच आहे."

यशोधरा सुईखाली कापड तसंच धरून माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं आता हिच्या डोळ्यांत पाणी येणार.

"कुठला हात?" तिनं विचारलं.

"म्हणजे?"

"त्यांच्या बायकोचा. उजवा की डावा?"

एवढं सगळं मी ऐकून घेतलं होतं, आणि ते विचारायचं राहिलं होतं. मी तसं सांगितलं. ती उठली, अर्धा जोडलेला खिसा सुपरवायझरच्या हातात दिला, "दादा, हे दुसऱ्या कोणाकडून पुरं करून घ्या," म्हणाली, आणि माझ्याकडे मोबाईल मागितला.